चुलीपाशी अप्पमाद : मुलांना स्वयंपाक शिकविताना

स्वयंपाकघरातील सुरक्षिततेविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यातला पहिला सल्ला बहुधा एकच असतो : मुलांना चुलीपासून दूर ठेवा. हा सल्ला चुकीचा नाही. परंतु तो कोणत्या घरासाठी आहे, हे पाहिले पाहिजे. ज्या घरात स्वयंपाकाला मोठे माणूस सदैव हजर असते, त्या घराला तो पुरतो. आपल्या निवासी शाळेत येणारी अनेक मुले वेगळ्या घरांतून येतात. आई पहाटे निंदणीला, कापूस वेचायला, वीटभट्टीवर किंवा धुण्याभांड्यांच्या कामाला निघून जाते आणि नऊ-दहा वर्षांची थोरली मुलगी धाकट्या भावंडांसाठी चूल पेटवते. ऊसतोडीच्या हंगामात कोपीसमोरच्या तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवणारे हातही पुष्कळदा लहानच असतात. या मुलांना ‘दूर राहा’ असे सांगणारा माणूस त्या वेळी घरी नसतो. चूल मात्र असते.

म्हणून पालकहो आणि माजी विद्यार्थ्यांनो, या लेखात मी एकच गोष्ट मांडणार आहे. आपल्या मुलांचे रक्षण मनाईने होणार नाही. ते शिकविण्याने होईल. आणि शिकविणे म्हणजे प्रत्येक नियमाचे कारण मुलाला समजेल अशा भाषेत सांगणे.

दोन प्रकारचे ‘हात लावू नको’

‘हात लावू नको’ हे शब्द आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहेत. पाणवठ्याला हात लावू नको, भांड्याला हात लावू नको, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू नको. साताऱ्याच्या शाळेत शिकत असताना बाल भीमरावांना नळाला हात लावण्याची परवानगी नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच राही. बाबासाहेबांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत ही आठवण स्वतः नोंदविली आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, ते याच मनाईला दिलेले उत्तर होते.

आज आपण मुलाला तापलेल्या तव्यापासून मागे ओढतो, तेव्हाही तेच शब्द वापरतो. शब्द एक असले तरी नियम दोन आहेत. विटाळाच्या नियमाला कारण विचारले की उत्तर मिळत नसे. विचारणाऱ्याला शिक्षा मात्र मिळे. सुरक्षिततेच्या नियमाला कारण असते, ते तपासून पाहता येते आणि कारण संपले की नियमही संपतो. तवा निवला की त्याला हात लावता येतो. ज्या समाजाने कारण नसलेल्या मनाईविरुद्ध एवढा मोठा लढा दिला, त्या समाजाच्या घरात मुलाला कारण न सांगता मनाई करणे शोभत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते उपयोगाचेही नाही. कारण न कळलेला नियम मूल मोठ्या माणसाच्या नजरेपुरता पाळते. कारण कळलेला नियम ते एकटे असतानाही पाळते. आणि आपली मुले चुलीपाशी अनेकदा एकटीच असतात.

विनयपिटकातील एक नियम

भिक्खुसंघाचे नियम कसे तयार झाले, हे विनयपिटकात प्रसंगांसह सांगितले आहे. त्यात अग्नीविषयी एक नियम आहे. थंडीच्या दिवसांत काही भिक्खूंनी एक मोठा पोकळ ओंडका पेटवून शेक घेण्यास सुरुवात केली. त्या पोकळीत काळा साप होता. धग लागताच तो बाहेर आला, भिक्खूंच्या अंगावर धावला आणि त्यांची पळापळ झाली. ही हकीकत तथागतांच्या कानी गेल्यावर केवळ शेकण्यासाठी भिक्खूंनी अग्नी पेटवू नये, असा नियम झाला. पुढे आजारी भिक्खूंना त्यातून सूट मिळाली. नंतर दिवा लावणे यांसारख्या योग्य कारणासाठीही अग्नी पेटविण्याची मुभा देण्यात आली.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या प्रसंगात तीन गोष्टी मोलाच्या वाटतात. नियम प्रत्यक्ष घडलेल्या घटनेतून निघाला. तो का झाला, हे नियमाबरोबरच जतन केले गेले. आणि गरज दिसली तेव्हा तो बदललाही गेला. घरातील व वसतिगृहातील सुरक्षेचे नियमही असेच असावेत. धम्मात ज्याला अप्पमाद म्हणतात, म्हणजे गाफील न राहणे, त्याचा अर्थ भिऊन दूर पळणे असा नाही. समोर काय आहे ते ओळखून, जागेपणी हाताळणे असा आहे. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी भिक्खूंना केलेला अखेरचा उपदेश अप्पमादाचाच होता. मुलाला त्याचा पहिला पाठ देण्यास स्वयंपाकघरासारखी दुसरी जागा नाही.

16 जुलै : दोन शाळा

आपल्या देशाच्या अलीकडच्या इतिहासात 16 जुलै ही तारीख दोनदा शाळेच्या स्वयंपाकघराशी जोडली गेली आहे.

16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात आग लागली. ती शाकारलेल्या छपराला जाऊन भिडली. वर्गात कोंडली गेलेली 94 मुले मृत्युमुखी पडली. स्वयंपाकाची जागा वर्गांना लागून होती, छप्पर पेट घेणारे होते आणि बाहेर पडण्याची वाट अपुरी होती. यातली एकही गोष्ट त्या दिवशी अचानक निर्माण झालेली नव्हती. ती सगळ्यांना रोज दिसत होती.

16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन या गावी शाळेतील भोजन घेतल्यानंतर 23 मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. तेलाचा वास वेगळा येत असल्याचे स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी सांगितले होते, असे त्या वेळच्या वृत्तांत प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही.

या दोन घटनांतून दोन धडे निघतात. पहिला जागेचा : चूल आणि मुलांचा वावर यांत अंतर हवे, डोक्यावर पेट घेणारे काही नको आणि बाहेर पडायला मोकळी वाट हवी. दुसरा आवाजाचा : स्वयंपाकघरात ज्याला शंका येईल त्याचे बोलणे ऐकले गेले पाहिजे, मग ती स्वयंपाकीण असो वा सहा वर्षांचे मूल. आपल्या शेतकरी आणि शेतमजूर घरांत फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा किंवा बाटली तेल, रॉकेल, पाणी यांसाठी वापरली जाते. ती सवय आजच बंद करावी. कितीही विसळले तरी असे भांडे अन्नाच्या उपयोगाचे राहत नाही. ते भोके पाडून निकामी करावे, म्हणजे ते दुसऱ्या कोणाच्या घरातही जाणार नाही.

खिरीचा पाठ

वैशाख पौर्णिमेला आपल्या घरोघरी आणि विहारांत खीर होते. सुजातेने सिद्धार्थ गौतमांना दिलेल्या खिरीचे ते स्मरण असते. मुलांना सोबत घेऊन करायचा पहिला पदार्थ म्हणून मी खीरच सुचवेन, कारण तिच्यात सुरक्षिततेचे जवळजवळ सगळे पाठ येतात.

आरंभ कपड्यांपासून करावा. सुती, अंगाबरोबर बसणारा कपडा, दुमडलेल्या बाह्या, बांधलेले केस. ओढणी असल्यास ती कमरेला घट्ट खोचलेली. कारण सांगावे : नायलॉनसारखे कृत्रिम धाग्याचे कापड पेटताना वितळते आणि कातडीला चिकटते.

मग गॅस पेटविणे. आधी काडी, मग गॅस. बटण आधी फिरवून काडी शोधत बसले तर तेवढ्या वेळात गॅस साचतो आणि काडी ओढताच भडका उडतो. पातेल्याची दांडी किंवा पळीचा दांडा ओट्याच्या बाहेर येऊ देऊ नये. धावत्या मुलाचा हात किंवा ओढणी त्याला अडकते.

दूध तापू लागले की त्याच्यापासून हलू नये. दूध उतू गेले की बर्नर विझतो, पण गॅस येतच राहतो. ज्योत दिसत नाही म्हणून गॅस बंद आहे असे समजणे हा मोठा धोका आहे. झाकण उचलताना त्याची पलीकडची बाजू आधी उचलावी, म्हणजे वाफ तोंडावर न येता दूर जाते. वाफ डोळ्यांना सौम्य दिसते, पण उकळत्या पाण्याइतकी किंवा त्याहून अधिक भाजते.

साखर पडल्यावर खीर दाट व चिकट होते. पाणी अंगावरून ओघळून जाते. खीर, पिठले, पाक जागीच चिकटून राहतात आणि खोलवर भाजतात. म्हणून तयार खिरीचे पातेले मुलाने उचलायचे नाही. ते मोठ्या माणसाने, कोरड्या फडक्याने किंवा सांडशीने, ‘गरम आहे, बाजूला व्हा’ असे मोठ्याने सांगून उतरवावे. फडके ओले असेल तर उष्णता लगेच हाताला पोहोचते, हेही दाखवून द्यावे.

प्रत्येक पायरीला मुलाला विचारावे : ‘असे का?’ उत्तर त्याच्या तोंडून आले की पाठ पक्का झाला.

कोणत्या वयात काय

मुले सारख्या गतीने वाढत नाहीत. तरी ढोबळ क्रम असा धरता येईल.

तीन ते पाच वर्षे : मटार सोलणे, पालेभाजी निवडणे, भाज्या धुणे. जागा चुलीपासून निदान दोन-तीन पावले दूर. या वयाची कातडी पातळ असते. मोठ्या माणसाला फक्त चटका वाटेल असा चहा लहान मुलाला गंभीर भाजू शकतो. मूल मांडीवर असताना चहा पिऊ नये, हा नियम याच कारणाने.

सहा ते आठ वर्षे : कणीक मळणे, उकडून निवलेले बटाटे सोलणे, कोशिंबीर कालविणे, ताटे मांडणे.

नऊ ते अकरा वर्षे : लहान सुरीने मऊ भाज्या चिरणे. सुरी बोथट असू नये. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि ती घसरते. भाजी धरणाऱ्या हाताची बोटे आत वळलेली असावीत. सुरी देताना मूठ समोरच्याकडे करावी. खाली पडणारी सुरी झेलू नये. विळी हे आपले जुने व चांगले साधन आहे, पण तिचे पाते उघडे असते. काम संपताच ती मिटावी किंवा आडवी करून भिंतीकडे ठेवावी.

बारा वर्षांपुढे : मोठ्यांच्या नजरेखाली शेगडी पेटविणे, भात लावणे, भाकरी भाजणे. ओटा मुलाच्या कमरेइतका यावा. स्टुलावर उभे करून मुलाला आगीपाशी नेऊ नये; तोल गेला की हात आधारासाठी पुढेच जातो. फोडणी, तळण आणि प्रेशर कुकर यांची पाळी सर्वांत शेवटी.

कुकरचे कारणही सांगावे. बंद भांड्यात दाब वाढल्यामुळे पाणी 100 अंशांऐवजी सुमारे 120 अंश सेल्सिअसला उकळते. दाब उतरण्याआधी झाकण ओढले तर आतील सगळे एकदम बाहेर येते. कुकर दोन तृतीयांशाहून अधिक भरू नये, आणि फुगणारी डाळ असेल तर अर्ध्यावरच थांबावे. शिटीची नळी मोकळी आहे, हे रोज उजेडाकडे धरून पाहावे.

हा क्रम मुलगा आणि मुलगी दोघांसाठी आहे. स्वयंपाक केवळ मुलींकडे ठेवला की भाजण्याचा धोकाही केवळ मुलींच्या वाट्याला जातो आणि मुलगा शहरात शिकायला गेला की स्वतःपुरता भातही त्याला धडपणे लावता येत नाही. समता भाषणात सांगितली जाते तशी ती पोळपाटावरही दिसली पाहिजे.

तेल पेटले, गॅसचा वास आला तर

कढईतील तेल पेटले तर त्यावर पाणी कधीही ओतू नये. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जाते आणि क्षणात वाफ होते. वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे 1,700 पटींनी वाढते आणि पेटते तेल चोहीकडे उडते. गॅस बंद करावा, कढईवर धातूचे झाकण किंवा परात सरकवावी आणि कढई न हलविता निवू द्यावी.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर न जाता जमिनीलगत साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. वास आला तर दिव्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. दोन्ही वेळी ठिणगी पडू शकते. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेरून 1906 या क्रमांकावर कळवावे. मूल एकटे असेल तर त्याने फक्त बाहेर पडून शेजारी सांगावे, एवढेच शिकवावे. सिलिंडर नेहमी उभा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर ठेवावी.

अंगावरील कपड्याने पेट घेतला तर धावू नये. वाऱ्याने आग वाढते. जागीच थांबावे, जमिनीवर आडवे व्हावे, तोंड हातांनी झाकून लोळावे. हे मुलांकडून खेळासारखे चार वेळा करून घ्यावे, कारण प्रत्यक्ष वेळी विचार करायला उसंत नसते.

भाजल्यावर पहिले औषध : पाणी

भाजलेल्या जागेवर साधे थंड, स्वच्छ, वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. नळ नसेल तर तांब्याने धार धरावी. भाजलेला भाग निववावा, पण लहान मुलाचे बाकीचे अंग कोरडे व उबदार ठेवावे. बांगडी, कडे, अंगठी सूज येण्याआधी काढावी. कपडा चिकटला असेल तर ओढू नये. फोड फोडू नयेत. नंतर स्वच्छ, न चिकटणाऱ्या आवरणाने किंवा धुतलेल्या सुती कापडाने सैलसर झाकावे.

हळद, तूप, शाई, टूथपेस्ट, बटाट्याचा कीस, बर्फ यांतले काहीही लावू नये. बर्फाने कातडीला आणखी इजा होते. बाकीचे लेप उष्णता आत कोंडतात, जंतुसंसर्गाला वाट देतात आणि डॉक्टरांना जखम नीट दिसू देत नाहीत. मुलाचा स्वतःचा तळहात बोटांसह त्याच्या शरीराच्या सुमारे एक टक्का असतो. भाजलेली जागा त्याहून मोठी असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे, गुप्तांग यांवर असेल, तर दवाखाना गाठावा. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

ज्या समाजाच्या मुलांना कधी काळी नळाला हात लावता येत नव्हता, त्या समाजाच्या प्रत्येक स्वयंपाकघरात आज मुलाचा हात पोहोचेल अशा जागी पाणी असलेच पाहिजे.

वसतिगृह आणि भोजनदान

आपल्याकडे वसतिगृहांची परंपरा जुनी व मानाची आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवली. स्वयंपाकघर हे जात मोडण्याचे ठिकाण होऊ शकते, हे या संस्थांनी दाखवून दिले. त्या वारशाचे उत्तरदायित्व आपल्यावर आहे.

वसतिगृहात मुलांनी स्वयंपाक शिकावा, पण स्वयंपाक्याची जागा भरून काढू नये. शिक्षण आणि राबवून घेणे यांतील सीमा स्पष्ट असली पाहिजे. शंभर माणसांच्या डाळीचे पातेले उचलणे, मोठ्या भट्टीपाशी उभे राहणे, उकळत्या तेलाशी काम करणे ही कामे प्रौढांचीच. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याने मनाई आहे; कायदा नसता तरी शीलाने ती असतीच.

14 एप्रिल, वैशाख पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन या दिवशी विहारासमोर मोठ्या भट्ट्या पेटतात आणि आजूबाजूला मुले हुंदडत असतात. जमिनीवर निवायला ठेवलेले आमटीचे पातेले पळणाऱ्या मुलाला दिसत नाही. भट्टीभोवती दोरी बांधावी किंवा चुन्याच्या फक्कीने रेघ आखावी आणि आत मुलांना प्रवेश नाही हे आधी सांगून ठेवावे. गरम पातेली वाटेत न ठेवता दोरीच्या आतच ठेवावीत. मंडपाचे कापड भट्टीपासून दूर असावे. वाळूच्या दोन बादल्या आणि पाण्याची टाकी हाताशी असावी. आणि एका उपासकाकडे किंवा उपासिकेकडे त्या दिवशी केवळ लक्ष ठेवण्याचे काम असावे. वाढणे, आवरणे, पाहुण्यांची विचारपूस यांतले दुसरे कोणतेही काम त्यांना देऊ नये.

ही स्मरणिका घरी नेल्यावर एक काम आवर्जून करावे. येत्या सुटीच्या दिवशी मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन एक साधा पदार्थ करावा आणि प्रत्येक ‘नको’पुढे ‘कारण’ हा शब्द जोडावा. जे कारण आपल्याला सांगता येणार नाही, तो नियम घरात ठेवायचा की नाही, याचाही त्याच वेळी विचार करावा. मुलाने उलट प्रश्न विचारला तर रागावू नये. प्रश्न विचारणारे मूल चुलीपाशी अधिक सुरक्षित असते, आणि समाजातही.

जयभीम! नमो बुद्धाय!